भुंगेऱ्याचा फोटो खालून काढा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. वेताळ टेकडीच्या पायवाटेवर चार सेंटिमीटरचा काळा भुंगेरा, अंगावर सहा पांढरे ठिपके. खाली इशारा: 'अतिविषारी! थुंकला की माणूस आंधळा!'

हा अँथिया सेक्सगुटाटा. तो थुंकत नाही; पोटाच्या मागच्या टोकातून फॉर्मिक आम्ल उडवतो, जे मुंग्यांकडेही असतं. डोळ्यात गेलं तर आग होते. भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा. असले मेसेज वाचून मरतो तो किडाच, चपलेखाली.

ठिपक्यांमुळे हा वरूनही ओळखू येतो. पण त्याच्या कॅरॅबिडी कुळात सुमारे 40,000 जाती आहेत, आणि बऱ्याचशा नुसत्या काळ्या, चकचकीत. त्यात टेनेब्रिओनिडी कुळातले भुंगेरेही वरून अगदी तसेच दिसतात. लोक पाठीचे दहा फोटो पाठवून नाव विचारतात, पोटाचा एकही नसतो.

किडा पारदर्शक डबीत घ्या, झाकण लावा, डबी उचलून खालून फोटो काढा. कॅरॅबिडीत मागच्या पायांची मुळं, म्हणजे कॉक्सा, छातीला घट्ट बसलेली असतात आणि इतकी मागे पसरतात की पोटाचा पहिला पट्टा मधोमध तुटतो. टेनेब्रिओनिडीत तो अखंड. आता मांडीच्या बुडाशी बघा: घेवड्याच्या दाण्यासारखा फुगीर तुकडा, ट्रोकँटर. तो फुगलेला का? आत मांडीला पीळ देणारा स्नायू आहे. किडा चपटं डोकं फटीत पाचरीसारखं खुपसतो, मागचे पाय रेटून पुढे सरकतो आणि मांडी पिळून पाठ वर उचलतो. पाठ उचलली की फट रुंदावते, की पुन्हा रेटा. पालापाचोळ्यात, दगडाखाली तो असाच घुसतो. जॅक लावून गाडी उचलावी तसं, फक्त जॅक स्वतःच पुढे सरकतोय!

मग पावलांचे तुकडे मोजा. कॅरॅबिडीत तिन्ही जोड्यांना 5-5-5, टेनेब्रिओनिडीत 5-5-4, म्हणजे मागच्या पावलाला एक कमी. जातीपर्यंत जायचं तर पंखांवरच्या उभ्या रेघा आणि डोळ्यांवरचे एकेक, दोन-दोन राठ केसही फोटोत हवेत. त्यासाठी फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर धरा, नाहीतर चकाकीत सगळं पुसून जातं.

आणि डबी हवीच. केंब्रिजमध्ये शिकत असताना डार्विनच्या दोन्ही हातांत एकेक भुंगेरा होता. तिसरा दिसला, म्हणून त्याने उजव्या हातातला तोंडात टाकला. भुंगेऱ्याने असा तिखट द्रव सोडला की जीभ भाजली. तो थुंकावा लागला, आणि तिसराही निसटला.