हायस्कूलला गेलं की खेळ बंद?

जून जवळ आला की सातारकर पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: हायस्कूलला गेलं की खेळ, चित्रकला संपली, उरली घोकंपट्टी.

तसं नाही. शारीरिक शिक्षण दहावीपर्यंत असतंच, त्याची श्रेणी दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून येते. शेजारच्या ताईची मागून बघा. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा तर हायस्कूलमध्येच देतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला जादा गुण मिळतात. शिवाय प्रयोगशाळा! लिंबाच्या रसात निळा लिटमस लाल झाला की शेवटचा बाकही पुढे धावतो. आणि कोरेगाव, वाईकडच्या पोरांची एसटीतली धमाल वेगळीच.

अभ्यास वाढतो, हे खरं. तरी शाळेचं वेळापत्रक मागा, पीटीचे तास मोजा. ते गणिताला गेले असतील, तर मुख्याध्यापकांना विचारा.