रुलेटचं चाक फिक्स असतं का?

गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर जाऊन आलेल्या लोकांना रुलेटबद्दल, म्हणजे फिरत्या चाकात टाकलेला बॉल कुठल्या नंबरवर पडेल यावर पैसे लावायच्या जुगाराबद्दल विचारलं की साधारण दोनच उत्तरं मिळतात. हरलेला म्हणतो सगळी सेटिंग असते, टेबलाखाली बटण असतं, डीलर पाहिजे तिथे बॉल पाडतो. जिंकलेला म्हणतो काही फिक्स वगैरे नसतं, आपल्या डोळ्यासमोर चाक फिरतं की. दोघंही चाकाबद्दलच बोलतायत आणि पैसे जातात ते पेआउटमध्ये, म्हणजे जिंकल्यावर किती पट मिळतात त्यात, तिकडे कुणी बघतच नाही. चाक अगदी शंभर नंबरी खरं असलं तरी रुलेट तुमच्या विरोधातच असतं, आणि ही गोष्ट गुपित पण नाहीये, पाचवीच्या गणितात समजते, म्हणून मला वाटतं की ती प्रत्येकाला माहीत असायलाच पाहिजे.

युरोपियन चाकावर ३७ कप्पे असतात, १ ते ३६ आणि एक हिरवा शून्य. १८ लाल, १८ काळे. आता समजा तुम्ही शून्य धरून प्रत्येक नंबरवर १०० रुपये लावले, म्हणजे टेबलावर एकूण ३,७०० रुपये. बॉल कुठेतरी पडणारच, म्हणजे तुमचा एक नंबर लागणारच. एका नंबरचं पेआउट असतं ३५ पट, म्हणजे ३,५०० मिळाले आणि त्या नंबरवर लावलेले १०० परत आले, झाले ३,६००. टाकले ३,७००, आले ३,६००. शंभर रुपये गेले, आणि यात नशिबाचा काही संबंधच नाही, बॉल १७ वर पडो नाहीतर ३२ वर, दर वेळी शंभर जाणारच. ३,७०० मधले १०० म्हणजे २.७ टक्के, यालाच हाऊस एज म्हणतात. नंबर लावा, लाल-काळा लावा, एकी-बेकी लावा, बारा-बाराचा डझन लावा, सरासरी तोटा तेवढाच राहतो, कारण सगळी पेआउट्स शून्य हा कप्पा चाकावर नाहीच असं समजून ठरवलेली आहेत.

अमेरिकन चाकावर शून्याबरोबर डबल झिरो पण असतो, कप्पे ३८, पण पेआउट तेच ३५ पट, म्हणून हाऊस एज डायरेक्ट ५.२६ टक्के, जवळजवळ दुप्पट. वर त्यात ०, ००, १, २, ३ अशा पाच नंबरांची एक बेट, म्हणजे पैज असते तिच्यावर ७.८९ टक्के जातात, त्या टेबलावरची सगळ्यात वाईट बेट ती. लास वेगासमध्ये आता तीन शून्यवाली टेबलं पण आलीयेत, तिथे ७.६९ टक्के. उलट काही ठिकाणी फ्रेंच नियम असतो, लाल-काळ्यावर पैसे लावलेत आणि शून्य आला तर अर्धे पैसे परत, तिथे त्या बेटवर १.३५ टक्केच जातात. म्हणजे टेबलावर बसल्यावर डीलरच्या हाताकडे संशयाने बघण्यापेक्षा चाकावर हिरवे कप्पे किती आहेत ते आधी मोजलेलं बरं, खरी माहिती तिथेच असते.

एक शून्य काढून टाकायची आयडिया कॅसिनोवाल्यांचीच बरं का. १८४३ मध्ये जर्मनीतल्या बाड होम्बुर्ग या गावात फ्रांस्वा आणि लुई ब्लाँ या भावांनी एकच शून्य असलेलं चाक आणलं, स्वतःचा टक्का कमी केला आणि गिऱ्हाईक खेचलं. त्यातला फ्रांस्वा पुढे १८६३ मध्ये मोनॅकोतल्या मोंटे कार्लोला गेला आणि तिथल्या कॅसिनोचं नशीबच पालटलं. कमी टक्क्यातही भरपूर पैसा आहे हे त्याला बरोबर कळलं होतं.

मग इतकं सरळ असेल तर लोकांना ते जाणवत का नाही? कारण २.७ टक्के हा आकडा एका रात्रीत दिसतच नाही. समजा तुम्ही दर वेळी ५०० रुपये लालवर लावताय आणि तासाभरात ४० वेळा चाक फिरलं. एकूण २०,००० रुपये फिरले, सरासरी तोटा ५४० रुपये. पण त्या एका तासातला नशिबाचा चढउतार असतो साधारण तीन हजारांचा, इकडे किंवा तिकडे. त्या गोंधळात ५४० कुठल्या कुठे बुडून जातात. हिशोब केला तर ४० डावांनंतर साधारण ३७ टक्के लोक फायद्यात उठतात, शंभरात सदतीस म्हणजे काही कमी नाहीत, आणि हेच लोक घरी येऊन सांगतात की गेम एकदम जेन्युइन आहे. तेच १,००० डाव खेळलात तर फायद्यात राहायची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास येते, आणि १०,००० डावांनंतर हजारात तीन-चार लोकच फायद्यात असतील. तुम्ही एकटे १०,००० डाव कधी खेळणार, पण कॅसिनो ते सहज खेळतो, सगळ्या टेबलांवर सगळ्या लोकांशी मिळून, त्यामुळे त्यांच्यासाठी तो जुगार राहतच नाही.

आता संशय कुठून येतो ते बघू, कारण तो पण अगदीच बिनबुडाचा नसतो, माणसाला खरंच विचित्र गोष्टी दिसत असतात. ३७ वेळा चाक फिरलं की ३७ च्या ३७ नंबर एकेकदा यावेत असं आपल्याला आतून वाटतं. प्रत्यक्षात ३७ डावांत सरासरी १३-१४ नंबर अजिबात येतच नाहीत आणि काही दोन-तीनदा येतात. १०० डाव झाले तरी सरासरी दोन-एक नंबर तसेच कोरडे राहतात. तुमचा लाडका नंबर त्यातला निघाला तर तुम्हाला शंभर टक्के वाटणार की हा नंबर मुद्दाम येऊ देत नाहीयेत. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोमध्ये एका टेबलावर सलग २६ वेळा काळा आला. आता तरी लाल येणारच म्हणून लोकांनी लालवर पैसे ओतले आणि भरपूर हरले. ठरावीक २६ डावांत सलग काळाच यायची शक्यता १३ कोटी ६८ लाखांत एक, ऐकायला अशक्य वाटतं, पण पंचवीस काळे येऊन गेल्यावर सव्विसाव्याची शक्यता तीच नेहमीची १८ भागिले ३७ होती. बॉलला मागचं काही आठवत नसतं. टेबलाशेजारी मागचे वीस-एक नंबर दाखवणारा बोर्ड असतो ना, तो कॅसिनो स्वतःच्या खर्चाने लावतो, त्यातून खेळणाऱ्याचा फायदा होत असता तर लावला असता का?

खऱ्या चाकाचे आकडे असेच ओबडधोबड असतात, आणि खोटे आकडे उलट फार नीटनेटके निघतात. कार्ल पिअर्सन, संख्याशास्त्रातली मोठी असामी, त्यांनी १८९४ मध्ये मोंटे कार्लोचे पेपरात छापून येणारे निकाल घेऊन तपासले. लाल-काळ्याची बेरीज ठीक होती, पण रंग फारच पटापट बदलत होता, एकच रंग सलग यायला पाहिजे तेवढा येत नव्हता. पिअर्सन इतके हादरले की हा कॅसिनो बंद करा, त्याचा पैसा विज्ञान अकादमीला द्या अशी मागणी त्यांनी केली. नंतर याचं जे कारण सांगितलं जातं ते असं की वार्ताहर टेबलापाशी उभे न राहता आकडे मनानेच लिहून पाठवायचे. माणूस मनाने आकडे लिहायला बसला की तो रंग सारखा बदलत राहतो, सलग सहा-सात काळे लिहायला त्याचा हातच धजत नाही. आकडे अपेक्षेपेक्षा किती हटले की संशय घ्यायचा, हे मोजणारी काय-स्क्वेअर टेस्ट याच पिअर्सननी १९०० मध्ये दिली, आज ती बी.एस्सी.च्या पोरांना शिकवतात.

बरं, चाक खरोखर वाकडं असू शकतं का? असू शकतं, आणि मजा म्हणजे त्यात नुकसान कॅसिनोचं होतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात यॉर्कशायरमधल्या कापड गिरणीच्या धंद्यातला जोसेफ जॅगर मोंटे कार्लोला गेला, माणसं लावून निकाल लिहून घेतले आणि एका चाकावर काही नंबर जास्त येतायत हे पकडून भरपूर पैसे कमावले. १९४७ मध्ये अल्बर्ट हिब्स आणि रॉय वॉलफर्ड या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेत रीनोला हेच केलं. स्पेनमध्ये १९९० च्या दशकात गोंझालो गार्सिया-पेलायोने घरच्या माणसांना कामाला लावून माद्रिदच्या कॅसिनोतली चाकं नोंदवली, कॅसिनो कोर्टात गेला आणि शेवटी २००४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याच्याच बाजूने निकाल दिला, कारण त्याने चाकाला हातही लावला नव्हता, फक्त निकाल मोजले होते.

पण हे वाचून वही-पेन घेऊन निघू नका. १०,००० डावांत एक नंबर सरासरी २७० वेळा यायला हवा. त्याच्यावर तुम्हाला फायदा व्हायचा तर तो किमान २७८ वेळा यायला पाहिजे. आणि अगदी सरळ चाकावर पण हा आकडा निव्वळ योगायोगाने १६-१७ ने वरखाली होतच असतो. म्हणजे १०,००० डाव लिहून काढले तरी २७८ आलेला नंबर वाकड्या चाकामुळे आला की असाच, हे सांगता येत नाही. आणि आता कॅसिनो स्वतःच चाक पाणसळीवर तपासतात, प्रत्येक निकाल कॉम्प्युटरवर नोंदतात, चाकात जराही खोट दिसली की ते बदलतात. चाक सरळ ठेवण्यात त्यांचाच स्वार्थ आहे, २.७ टक्के त्यांना सरळ चाकातच मिळतात ना.

चाकाजवळ जाऊन बॉलकडे नीट बघितलं तर अजून एक गोष्ट दिसते. चाक एका दिशेने, बॉल उलट्या दिशेने. बॉल वरच्या कडेला चिकटून फिरतो तोपर्यंत त्याची चाल अगदी नियमित असते, घर्षणाने आणि हवेने वेग कमी होत जातो, एका ठरावीक वेगाला आला की कडा सोडून उतारावर येतो, मग उतारावर बसवलेल्या धातूच्या छोट्या तुकड्यांना टक्कर देतो आणि कप्प्यांच्या भिंतींवर टप्पे खात कुठेतरी बसतो. शेवटचा भाग गोंधळाचा, पण पहिला भाग शुद्ध न्यूटन. हे ओळखलं गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि इन्फर्मेशन थिअरीचे जनक क्लॉड शॅनन यांनी. १५०० डॉलरचं खरं चाक विकत आणून शॅननच्या घरी प्रयोग केले, आणि १९६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर बनवला, १२ ट्रान्झिस्टरचा. बुटात लपवलेलं बटण पायाच्या अंगठ्याने दाबून बॉलच्या आणि चाकाच्या फेऱ्यांची वेळ द्यायची, कॉम्प्युटर कानात सूर वाजवून सांगणार की चाकाच्या आठ भागांपैकी कुठल्या भागात बॉल पडेल. बॉल सुटल्यावरही थोडा वेळ पैसे लावता येतात म्हणून हे जमायचं. त्यांच्या हिशोबाने यात खेळणाऱ्याचा फायदा ४४ टक्के होता. लास वेगासला जाऊन वापरला पण, कानातली वायर सारखी तुटायची म्हणून मोठे पैसे काही लावले नाहीत. नंतर १९८५ मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला, असलं यंत्र घेऊन कॅसिनोत खेळणं गुन्हा.

डावपेच म्हणून लोक सगळ्यात जास्त काय करतात, तर हरलं की डबल लावणे. १००, २००, ४०० असं. टेबलाची मर्यादा १०,००० असेल तर सातव्या डावाला ६,४०० होतात आणि आठवा १२,८०० चा लावताच येत नाही. तोवर १२,७०० गेलेले असतात. सलग सात हरण्याची शक्यता १०६ मध्ये एक. म्हणजे शंभर-शंभर रुपये बऱ्याच वेळा जिंकायचे आणि एकदा १२,७०० घालवायचे, सरासरी काढली तर दर खेपेला वीसेक रुपये तोट्यात.

हे सगळं झालं खऱ्या लाकडी-धातूच्या चाकाबद्दल. आपल्याकडे महाराष्ट्रात खेड्यापाड्यात रोलेट किंवा चक्री म्हणून जे मोबाईलवर आणि टपरीवजा सेंटरमध्ये चालतं ते पूर्ण वेगळं प्रकरण आहे आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. नाशिक जिल्ह्यात या रोलेटपायी लोक कर्जबाजारी झाले, पोलिसांनी गुन्हे दाखल केले, तरी अजून बऱ्याच जणांना वाटतं की हा कॅसिनोचाच गेम आहे, फक्त स्क्रीनवर. स्क्रीनवर चाक नसतंच. तिथे फिरताना दिसतं ते चित्र असतं, आणि ते चित्र फिरायला लागायच्या आधीच नंबर ठरलेला असू शकतो. खऱ्या बॉलला कुणी कुठल्या नंबरवर किती पैसे लावलेत ते कळायचा मार्ग नाही, सॉफ्टवेअरला मात्र सगळ्या बेट आधीच माहीत असतात, आणि ज्या नंबरवर सगळ्यात कमी पैसे लागलेत तोच काढायचा असं लिहायला प्रोग्रामरला चार ओळी पुरतात. ब्रिटनसारख्या ठिकाणी ऑनलाइन रुलेटचं लायसन्स हवं असेल तर सॉफ्टवेअर स्वतंत्र लॅबकडून तपासून घ्यावं लागतं. चक्रीचं सॉफ्टवेअर कोण तपासतं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, म्हणजे तुमच्या गावात असा धंदा चालू असेल तर तो बेकायदा आहे आणि बेकायदा धंद्याला तपासणीचा प्रश्नच येत नाही. वर काढलेला २.७ टक्क्यांचा हिशोब तिथे लावूच नका, तो ३७ कप्प्यांना सारखी संधी आहे असं धरून केलेला आहे, आणि मोबाईलवर ती तशी आहे की नाही हे फक्त ज्याने कोड लिहिला त्यालाच ठाऊक.