पंख उचलणारं विमान : क्रुसेडरची पार्श्वभूमी

ध्वनीचा वेग ओलांडणं १९४७ सालीच साधलं होतं. नौदलाची खरी पंचाईत वेगळी होती. इतकं वेगवान विमान डुलणाऱ्या जहाजाच्या आखूड डेकवर उतरवायचं कसं?

सप्टेंबर १९५२मध्ये अमेरिकी नौदलानं नव्या लढाऊ विमानासाठी मागणी काढली. ३०,००० फुटांवर ध्वनीच्या १.२ पट वेग हवा, पण उतरताना ताशी १०० मैलांच्या आसपास. या दोन अटी एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या. वेगासाठी पंख पातळ आणि मागे झुकलेला लागतो. असा पंख कमी वेगात पुरेसं वजन पेलत नाही. मग नाक वर करून यावं लागतं, आणि वैमानिकाला नेमकं डेकच दिसेनासं होतं. व्हॉट या विमान बनवणाऱ्या कंपनीनं हे आपल्या आधीच्या कटलस या लढाऊ विमानात भोगलं होतं. त्याचं पुढचं चाक बगळ्याच्या पायासारखं लांब, इंजिन दुबळं. वैमानिकांनी त्याला ‘गटलेस’, म्हणजे दम नसलेलं, करून टाकलं होतं.

व्हॉटच्याच रसेल क्लार्क यांच्या चमूनं नव्या विमानात, म्हणजे क्रुसेडरमध्ये, नाक जवळपास जागेवर ठेवलं आणि पंखच हलता केला. पाठीवर बसवलेला पंख उतरताना आणि उडताना पुढून ७ अंश उचलला जाई. धड साधारण सपाट राही, समोरचं दिसे आणि चाकंही आखूड, मजबूत ठेवता येत. कल्पना साधी वाटते, पण अख्खा पंख बिजागरीवर टांगण्याला धाडस लागतं.

मे १९५३मध्ये व्हॉटच्या आराखड्याची निवड झाली. २५ मार्च १९५५ रोजी जॉन कॉनराड यांनी पहिल्याच उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. ऑगस्ट १९५६मध्ये ताशी १,०१५ मैलांचा विक्रम झाला आणि मार्च १९५७मध्ये विमान स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं. त्याच जुलैत जॉन ग्लेन (पुढे अंतराळवीर झालेले तेच) यांनी त्याच्या छायाचित्रण आवृत्तीतून ३ तास २३ मिनिटांत अमेरिका आडवी पार केली.

तरी उतरणं सोपं झालं नाहीच. नवख्यांचे इतके अपघात झाले की ‘एन्साइन एलिमिनेटर’, म्हणजे पोरसवदा अधिकाऱ्यांचा काळ, असं नाव त्याला चिकटलं.

फ्रेंच नौदलानं ४२ क्रुसेडर घेतली. त्यांच्या नौका आणखी लहान, म्हणून फ्लॅपवर (पंखाच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपांवर) इंजिनातली हवा सोडून उतरण्याचा वेग अजून खाली आणावा लागला. ती १९९९पर्यंत उडत राहिली.