ब्रिटन कॉमन मार्केटमध्ये गेलं, मग मॉरिशसच्या साखरेचं काय? पात्रता आणि कागदपत्रं

१ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपच्या सामाईक बाजारपेठेत दाखल झालं. १९३२ च्या ओटावा करारांपासून साम्राज्यातल्या मालाला तिथे जकातीत सवलत होती. पण गटात शिरल्यावर बाहेरच्या मालावरची जकात सगळ्या सदस्यांची एकच. ब्रिटनने १९७४ पासून १९७७ च्या मध्यापर्यंत आपले दर टप्प्याटप्प्याने युरोपच्या दरांना जुळवले. ज्या जुन्या वसाहतींनी आपली सोय वेळेत लावून घेतली नाही, त्यांची सवलत गेली.

पात्र कोण?

पहिला अर्ज देशाचा, व्यापाऱ्याचा नंतर. प्रवेश कराराच्या २२ क्रमांकाच्या प्रोटोकॉलने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या स्वतंत्र राष्ट्रकुल देशांपुढे तीन वाटा ठेवल्या: याउंदे कराराच्या (युरोपचा आफ्रिकेतल्या, मुख्यतः जुन्या फ्रेंच, वसाहतींशी असलेला व्यापार आणि मदतीचा करार) जागी येणाऱ्या करारात सामील व्हा, वेगळा सहयोग करार करा, नाहीतर साधा व्यापार करार. तोवर, म्हणजे ३१ जानेवारी १९७५ पर्यंत, जुनंच चालू. मॉरिशसने तेवढीही वाट पाहिली नाही. १९७२ मध्येच याउंदेवर सही करून टाकली.

भारत, पाकिस्तान, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर यांना यातली एकही वाट नाही. त्यांच्या हाती पडलं ‘अडचणींचा विचार करू’ अशा धाटणीचं संयुक्त निवेदन, आणि विकसनशील देशांसाठीची जीएसपी सवलत. हाँगकाँग तर तेव्हाही प्रत्यक्ष वसाहत, पण सवलत मिळणाऱ्या वसाहतींच्या, म्हणजे सहयोगी प्रदेशांच्या, यादीत त्याचं नाव घातलंच नाही. तिथल्या गिरण्यांची युरोपला धास्ती होती, असं माझं मत.

कागद कोणते?

याउंदेच्या जागी आलेल्या २८ फेब्रुवारी १९७५ च्या लोमे कराराने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या ४६ देशांच्या बहुतेक मालाची जकात माफ झाली, आणि बदल्यात तशीच माफी मागितली नाही. पण माफी मालाला मिळते ती कागदावर. निर्यातदाराने ईयूआर-१ हा फॉर्म भरायचा: पाठवणारा, घेणारा, मूळ देश, मालाचं वर्णन, वजन. सोबत मूळ देश सिद्ध करणारे पुरावे जोडायचे. आपल्या देशाच्या कस्टम्सने शिक्का मारला की तो युरोपातल्या कस्टम्सपुढे ठेवायचा.

स्वतःच्या शेतातल्या उसाची साखर असेल तर मूळ देशाचा प्रश्न सरळ सुटतो. कापडाचा गुंता मोठा. इथे लोमेची एक चांगली सोय कामी येई: हे सगळे देश मिळून एकच प्रदेश धरले जात, म्हणजे सूत एकाचं आणि विणकाम दुसऱ्याचं असलं तरी चाले. माल मात्र थेट जायला हवा. वाटेत तिसऱ्या बंदरात उतरला, तर सलग प्रवासाचं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) किंवा तिथल्या कस्टम्सचा दाखला लागे.

साखरेचं वेगळं

साखरेला नुसती जकातमाफी पुरेशी नव्हती, म्हणून लोमेला जोडून साखर प्रोटोकॉल झाला: ठरलेला कोटा, हमीचा भाव. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज जिथे आजही मराठी म्हणवतात, त्या मॉरिशसच्या वाट्याला सगळ्यात मोठा कोटा आला, ४,८७,२०० टन. लोमेत नसलेल्या भारतालाही स्वतंत्र कराराने २५,००० टन मिळाले.

कोट्याचं वर्ष जुलै ते जून. चक्रीवादळासारखं हाताबाहेरचं कारण नसताना माल कमी पडला, तर पुढचा कोटा कापला जाई. भारताचा १९८१ मध्ये असाच शून्यावर आला, आणि नंतर परत मिळाला तो १०,००० टनांचाच.