खात्यावर साठलेली रजा आणि न साठणारी विश्रांती

राज्य शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी प्रसिद्ध झाली, की ‘सरकारी कर्मचारी काम तरी कधी करतात?’ हा प्रश्न दरवर्षी हमखास ऐकू येतो. या प्रश्नात सुट्टी आणि रजा यांची सरमिसळ झालेली असते. सुट्टी कार्यालयाला असते. रजा कर्मचाऱ्याला मिळते, आणि तीही अर्ज मंजूर झाला तर. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन हप्त्यांत खात्यावर जमा होते, ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे रोखीकरण होते.

माझे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकातील रजेच्या हिशोबाचे पान मी पाहिले होते. जमेच्या रकान्यात दर सहामाहीला १५ चा आकडा होता आणि वापरलेल्या रजेचा रकाना बहुतेक ओळींत कोरा होता. घरात त्या पानाचे कौतुकच झाले. आज ते पान आठवले की वाईट वाटते, कारण रजेचे जसे खाते असते तसे विश्रांतीचे खाते आपल्या शरीरात नाही.

ताण जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचले, की तेथून कॉर्टिसॉल स्रवते. हे कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवून शरीराला कामाला जुंपते. या साखळीतील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट पुढेच आहे. तेच कॉर्टिसॉल उलट मेंदूकडे जाऊन स्वतःचा पुरवठा थांबवते, जसा टाकी भरत आली की तरंगता गोळा वर येऊन पाणी बंद करतो. मेंदूत त्याचे ग्राही, म्हणजे त्याला पकडून पेशीला निरोप देणारे रेणू, दोन प्रकारचे असतात: खनिजकॉर्टिकॉइड ग्राही अल्प प्रमाणातील कॉर्टिसॉललाही धरून ठेवतात, तर ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही पातळी चढल्यावरच मोठ्या संख्येने व्यापले जातात आणि हायपोथॅलॅमस व पीयूषिका या दोन्ही ठिकाणी ‘आता पुरे’ हा निरोप प्रामुख्याने तेच देतात. ताण दीर्घकाळ टिकला तर या ग्राहींची संवेदनशीलता घटू शकते, म्हणजे गोळा वर येऊनही नळ नीट बंद होत नाही.

रक्तातील कॉर्टिसॉल साधारण एक ते दीड तासात निम्मे होते. त्या हिशोबाने सायंकाळी सव्वासहाला कार्यालय सुटल्यावर रात्रीपर्यंत सारे निवायला हवे. परंतु उद्या विधिमंडळातील तारांकित प्रश्नाचे उत्तर पाठवायचे आहे हा विचार जेवताना मनात घोळत राहिला, तर तीच साखळी पुन्हा सुरू होऊ शकते. लंडनच्या शासकीय कर्मचाऱ्यांवरील ‘व्हाइटहॉल २’ या १९८५ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातील काही जणांच्या लाळेचे नमुने तपासले, तेव्हा जागे झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात होणारी कॉर्टिसॉलची वाढ सुट्टीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी अधिक आढळली. कार्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीच शरीर कामावर रुजू झालेले असते.

उत्पादकतेचा प्रश्न येथेच येतो. प्रकरणातील कागद, लागू नियम आणि आधीची टिपणी एकाच वेळी ध्यानात ठेवण्याचे काम मेंदूचा ललाटामागील भाग करतो, आणि अनियंत्रित ताणात सर्वांत आधी ढासळतो तो हाच भाग. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदींतही आठवड्याला सुमारे ४९ तासांच्या पुढे वाढवलेल्या तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत नव्हते.

नेदरलँड्समधील जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ५४ कर्मचाऱ्यांच्या सरासरी २३ दिवसांच्या रजांचा मागोवा घेतला. त्यांना आठव्या दिवशी सर्वाधिक बरे वाटत होते आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते मूळ स्थितीला आले. म्हणूनच ‘एका सहलीत मेंदू रिचार्ज’ अशा जाहिराती फसव्या आहेत, आणि अमावास्या टाळून रुजू झाल्याने हा परिणाम लांबेल या समजुतीलाही आधार नाही. अधिवृक्क ग्रंथींना तिथी कळत नाही. परिणाम ओसरणारा असेल, तर रजा वर्षातून दोन-तीनदा, सलग आणि कामापासून पूर्ण तुटून घेणे हाच त्यावरील उपाय दिसतो.

आपल्याकडे अडचण याच तुटण्याची आहे. रजेच्या अर्जात रजा कालावधीतील पत्ता लिहावा लागतो, आणि आता तर मोबाइल व कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप गट सोबतच प्रवास करतात. याउलट रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना निर्देश दिले, की संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी किमान १० कामकाजाच्या दिवसांची सलग रजा पूर्वसूचना न देता सक्तीने द्यावी आणि त्या काळात, अंतर्गत ईमेलचा अपवाद वगळता, त्यांचा कामाशी संबंधित कोणत्याही यंत्रणेत प्रवेश नसावा. हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा होता, तरी हायपोथॅलॅमसला हवे असलेले जवळजवळ सारे त्या निर्देशात आहे.