जोडीदाराची निवड (उत्क्रांती मानसशास्त्र)

माणूस जोडीदार कसा निवडतो, त्यासाठी कोणाशी चढाओढ करतो आणि जोडी जमल्यावर मूल वाढवायला कोणाकोणाची साथ घेतो, हे प्रश्न उत्क्रांती मानसशास्त्रात एकमेकांना जोडूनच अभ्यासले जातात. आवडनिवड, मत्सर, वात्सल्य या गोष्टीही हातापायांसारख्याच असंख्य पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून घडल्या असाव्यात, हे या शाखेचे मूळ गृहीतक. चढाओढ आणि सहकार्य ही एरवी दोन टोके मानली जातात. माणसाच्या बाबतीत मात्र चढाओढ बऱ्याचदा चांगला सहकारी मिळावा म्हणूनच चालते, आणि हा विषय समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

चार्ल्स डार्विन यांना मोराच्या पिसाऱ्याने छळले होते. शत्रूच्या नजरेत भरणारा, उडताना ओझे होणारा तो पसारा नैसर्गिक निवडीच्या हिशेबात बसेना. मोराचे पीस पाहिले की मळमळते, असे त्यांनी १८६० मध्ये आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रातून कळवले. १८७१ मध्ये त्यांनी उत्तर मांडले ते लैंगिक निवडीचे. काही गुण नरानरांच्या झुंजीतून टिकतात, तर काही माद्यांच्या पसंतीमुळे. झुंजीचा भाग लोकांना लगेच पटला. मादी निवड करते ही कल्पना मात्र त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या गळी उतरली नाही आणि जवळपास शंभर वर्षे ती अडगळीत पडून राहिली.

मधल्या काळात, १९४८ मध्ये, अँगस बेटमन यांनी फळमाश्यांवर एक प्रयोग केला. जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीची फारशी वाढत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो पुढे पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. २०१२ मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग तशाच रीतीने पुन्हा केला, तेव्हा मोजणीतली चूक उघड झाली. पिल्लांचे आईबाप ओळखण्यासाठी खूण म्हणून वापरलेल्या उत्परिवर्तनांमुळे, म्हणजे जनुकांतल्या बदलांमुळे, काही पिल्ले मोजण्याआधीच मरत होती. साठ वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानलेला आकडा असा तपासून पाहणारे कोणी असावे, ही या क्षेत्राची खरी गरज आहे.

या साऱ्याला सूत्र मिळाले ते रॉबर्ट ट्रिव्हर्स यांच्या १९७२ च्या लेखात. त्यांनी नर-मादी हा भेद बाजूला ठेवला आणि विचारले, की संततीवर जास्त खर्च कोण करतो? खर्च म्हणजे वेळ, अन्न, जिवाचा धोका, सगळेच. याला त्यांनी पालकीय गुंतवणूक म्हटले. ज्याची गुंतवणूक मोठी तो चोखंदळ होतो. ज्याची कमी तो मिळवण्यासाठी भांडतो. बहुतेक प्राण्यांत जास्त खर्च मादीचा असतो, पण सूत्राची परीक्षा होते ती उलट्या उदाहरणांत. आपल्याकडच्या कमळांच्या तळ्यांवर पावसाळ्यात दिसणारा कमळपक्षी पाहा. लांब बोटांनी पानापानावरून चालणारी मादी नरापेक्षा मोठी असते. पाण्यावर तरंगणाऱ्या घरट्यात ती अंडी घालते, ती नराच्या हवाली करते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सारे बापाचे काम. आणि इथे भांडतात त्या माद्या. सूत्राने जे सांगितले तेच तळ्यावर घडताना दिसते.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा या विषयावरचा लेख अमेरिकन नॅचरलिस्ट या नियतकालिकात आला. एकाच जातीत काही नर मोठी शिंगे वाढवतात आणि काही बिनशिंगांचे राहतात, असे का, हा त्यांचा प्रश्न. शस्त्रे वाढवायची तर त्यांची किंमत मोजावी लागते. ती किंमत वाचवणारा नर दुसऱ्या मार्गाने तितकीच संतती मागे ठेवू शकत असेल, तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी टिकतात. एका जातीच्या सगळ्या नरांचा स्वभाव एकच, असे सरसकट बोलणाऱ्यांनी हा लेख अवश्य ध्यानात घ्यावा.

आता माणूस. माणसाचे मूल फार महाग पडते. चिंपांझीची मादी एक पिल्लू पाच-सहा वर्षे सांभाळते आणि मगच पुढच्याला जन्म देते. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवसमूहांत दोन बाळंतपणांतले अंतर साधारण तीन-चार वर्षांचे असते. म्हणजे थोरले अजून स्वतःचे पोट भरू शकत नाही तोच धाकटे हातात येते. एकट्या आईला हे झेपणारे नाही. मग हातभार कोण लावतो?

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या संशोधक म्हणजे सारा हर्डी. १९७१ पासून राजस्थानात अबूच्या डोंगरावर त्या वानरांच्या टोळ्या पाहत होत्या. नवा नर टोळीचा ताबा घेतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्ले मारली जातात, हे त्याआधी धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी नोंदवले होते. हर्डी यांनी त्यात माद्यांची बाजू दाखवली. अनेक नरांशी संग करून माद्या पितृत्वाचा घोळ घालतात. पिल्लू आपलेही असू शकेल असे वाटले तर नर त्याच्या वाटेला जात नाही. चढाओढीचे इतके कठोर चित्र क्वचितच पाहायला मिळते. पण त्याच टोळीत नुकते जन्मलेले काळे पिल्लू या मादीच्या कुशीतून त्या मादीच्या कुशीत फिरत असते. हर्डी यांनी पुढे हाच धागा माणसापर्यंत नेला. मूल आईबरोबर इतरांनीही वाढवण्याची रीत हाच माणसाच्या सहकारी स्वभावाचा पाया असावा, अशी मांडणी त्यांनी २००९ मध्ये सविस्तर केली.

त्याला सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाद्झा लोकांकडून. क्रिस्टन हॉक्स आणि सहकारी १९८० च्या दशकात त्यांच्यात राहिले. तिथल्या कडक, दगडाळ जमिनीतून काठीने खणून कंद काढावे लागतात आणि ते लहान मुलांच्या ताकदीबाहेरचे आहे. संशोधकांनी तास मोजले, टोपल्या वजन केल्या. पाळीचे वय उलटलेल्या बायका तरुणींपेक्षा जास्त वेळ खणत होत्या. आईच्या कडेवर नवे तान्हे असताना थोरल्या मुलाचे वजन आजीच्या खणण्याबरोबर वाढत होते. आजी स्वतःला आणखी मूल होण्याचे वय मागे टाकूनही इतकी वर्षे का जगते, या कोड्याचे उत्तर बहुधा त्या टोपलीत आहे. नातवंडांत तिची सरासरी चौथा हिस्सा जनुके असतात. नातलगांना मदत करूनही आपली जनुके पुढे जातात, हे विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेले नात्याचे गणित इथे लागू पडते.

बापाचा वाटा शरीरातही मोजता आला आहे. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांची लाळ २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, घेण्यात आली. पहिल्या वेळी ज्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त होते त्यांना चार वर्षांत जोडीदार आणि मूल मिळण्याची शक्यता अधिक निघाली. मात्र बाप झाल्यावर त्यांचे सकाळचे प्रमाण मध्यकाने २६ टक्के आणि संध्याकाळचे ३४ टक्के उतरले. मुलाला रोज तीन तास किंवा जास्त सांभाळणाऱ्यांत ते आणखी कमी होते. चढाओढीसाठी तापलेले शरीर बाळाजवळ निवते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे अभ्यास थोडेच आहेत.

पसंतीविषयीचा सर्वांत गाजलेला अभ्यास मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांचा, १९८९ चा. ३३ देशांतले ३७ नमुने, १०,०४७ माणसे. भारतही त्यात होता. सगळ्या नमुन्यांत पुरुषांना आपल्यापेक्षा लहान आणि स्त्रियांना आपल्यापेक्षा मोठा जोडीदार हवा होता. कमाईची क्षमता स्त्रियांनी आणि रूप पुरुषांनी जास्त तोलले. रविवारच्या मराठी वृत्तपत्रातले वधू-वर पाहिजेचे पान उघडले तर हाच जमाखर्च मांडलेला दिसतो: तिच्याकडून रंग आणि वय, त्याच्याकडून पगार आणि स्वतःचा फ्लॅट. पण बस यांच्या यादीचा वरचा भाग सहसा कोणी सांगत नाही. परस्परांचे प्रेम, भरवशाचा स्वभाव, समजूतदारपणा या गोष्टी स्त्री-पुरुष दोघांनीही रूप आणि पैसा यांच्या वर ठेवल्या होत्या. मूल वाढवायला सोबती शोधणारे हेच मागणार. आणि लग्नाआधीच्या ब्रह्मचर्याला भारत, चीन, इराण इथे मोठे मोल होते, तर स्वीडनमध्ये जवळजवळ काहीच नव्हते. म्हणजे सगळेच काही जनुकांत लिहिलेले नसते.

आक्षेप इथूनच सुरू होतात. अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी १९९९ मध्ये बस यांचीच माहिती घेऊन दाखवले, की जिथे स्त्रियांना समान संधी आहेत तिथे पसंतीतला काही फरक घटतो. ज्या बाईला स्वतः मिळवता येत नाही तिने कमावता नवरा मागणे हा परिस्थितीचा हिशेबही असू शकतो. २०२० मध्ये ४५ देशांतल्या १४,३९९ लोकांवर पुन्हा पाहणी झाली. मूळ फरक पुन्हा दिसले, आणि समतेच्या देशांत जोडप्यांच्या वयातले अंतर कमी असल्याचेही दिसले. दोन्ही बाजूंना काही ना काही मान्य करावे लागले. शिवाय सांगितलेली पसंती आणि प्रत्यक्ष निवड यांत फट असते: पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २००८ मध्ये तरुणांच्या झटपट भेटी घडवून आणल्या, तेव्हा कागदावर लिहिलेल्या अपेक्षांवरून कोण कोणाला आवडेल हे ओळखता आले नाही. मासिक चक्राच्या ठरावीक दिवसांत स्त्रियांना अधिक मर्दानी चेहरे आवडतात, हा एकेकाळी गाजलेला दावा तर मोठ्या नमुन्यांच्या पाहणीत टिकला नाही. तो आजही लोकप्रिय लेखांतून खरा म्हणून सांगितला जातो, हे खेदाचे आहे.

स्थळ पाहून लग्न ठरवणाऱ्या आपल्यासारख्या समाजांना सर्वांत जवळचा वाटेल असा भाग उशिरा अभ्यासात आला. शिकार-संकलनावर जगणाऱ्या बहुतेक नोंदलेल्या समाजांतही लग्ने मुख्यतः आईवडील किंवा जवळचे नातलग ठरवतात, हे मेनेलाओस अपोस्टोलू यांनी २००७ मध्ये दाखवले. आईवडिलांचे आणि मुलांचे हित बरेचसे एक असते, पण पूर्ण नाही. घराणे, सोयरिकीतून मिळणारी माणसे यांना आईवडील अधिक वजन देतात. रूप आणि मनाची ओढ यांना मुले. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या अनेक पिढ्यांत निवड एका माणसाच्या मनात झालीच नाही, ती घरातल्या बोलाचालीत, रुसव्याफुगव्यात आणि कधी पळून जाण्यात झाली. बस यांची प्रश्नावली मात्र एकेकट्या व्यक्तीनेच भरायची होती.