हलकं वेगळं आणि छोटं वेगळं: बाईकवर कॅम्पिंगचं सामान नेताना होणारी गल्लत

बाईकवरून कॅम्पिंगला जायचं ठरलं की माणूस आधी सामानाबद्दल वाचत सुटतो, आणि जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं ट्रेकिंगवाल्यांनी लिहिलेलं असतं. त्यांचा सगळा जीव ग्रॅममध्ये. टूथब्रशची दांडी कापून नेणारी माणसं ती, आणि त्यांचं बरोबरच आहे म्हणा, ते सगळं पाठीवर घेऊन त्यांना चढायचं असतं. आपण पण त्यांचीच यादी धरून सगळ्यात हलकं काय ते शोधत बसतो, सामान आणतो, आणि निघायच्या आदल्या रात्री कळतं की वजन काहीच नाहीये पण पॅनिअरचं, म्हणजे बाईकच्या मागे दोन्ही बाजूंना लावायच्या पेटीचं, झाकण काही केल्या लागत नाही. हलकं आहे म्हणजे छोटं असणारच, असं आपण मनातल्या मनात धरून चाललेलो असतो ना, तिथेच सगळी गडबड होते.

झोपायच्या मॅटचं बघा. घडीची फोम मॅट साधारण ४०० ग्रॅमची, आणि घडी घातली की जवळपास ५१ बाय १३ बाय १४ सेंटीमीटरचा ठोकळा, म्हणजे ९ लिटरच्या वर. हवा भरायची चांगली मॅटपण ४००-४५० ग्रॅमचीच असते, पण गुंडाळली की २३ सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर जाड, पाण्याच्या बाटलीसारखी, दोन लिटरपण भरत नाही. काट्यावर दोघी बहिणी आणि जागेत जवळजवळ पाचपट फरक! ट्रेकर फोम मॅट सॅकच्या बाहेर बांधतो आणि मोकळा होतो, त्याला कुठे वारा लागतो. आपण ताशी ८० ने निघालो की तीच मॅट फडफडायला लागते. मी एकदा ती सीटच्या मागे आडवी, सगळ्या सामानाच्या वर बांधली होती, आणि उतरताना नेहमीसारखा पाय मागून फिरवायला गेलो तर तो मॅटमध्येच अडकला आणि मी बाईकसकट आडवा, तेही पेट्रोल पंपावर, भर गर्दीत. तरी फोमला मी नावं ठेवणार नाही, ती पंक्चर होत नाही, रात्री दोन वाजता हवा जाऊन पाठ जमिनीला टेकण्याचं सुख ज्याने घेतलंय त्याला हे पटेल. फक्त ती घेतलीत तर बाहेरच जाणार हे धरून चाला, पॅनिअरमध्ये तिला जागा देऊ नका.

आता ग्रॅमच्या हिशोबाकडे येऊ. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरतं. १५ लिटरची टाकी फुल केली की ११ किलो झाले, आणि हे ११ किलो चालवता चालवता उडून जातात, आपण त्याची दखलही घेत नाही. त्या हिशोबाने ३०० ग्रॅमने हलका टेंट घेणं म्हणजे ४०० मिलीलिटर पेट्रोल कमी भरण्यासारखं आहे. आणि ते ३०० ग्रॅम वाचवायला कापड पार पातळ करतात, १५-२० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), म्हणजे खाली काटे-खडे असले की जीव मुठीत. बाईकवाल्याने थोडं जाड कापड घेतलं तर इंजिनाला पत्ताही लागणार नाही.

टेंटमध्ये खरी अडचण कापडाची नाहीच, काठ्यांची आहे. कापड कसंही कोंबता येतं, काठ्यांचं तसं नाही. ट्रेकिंगच्या बऱ्याच टेंटच्या काठ्या घडी केल्यावर ४५-५० सेंटीमीटर भरतात, स्वस्तातल्या फायबरग्लासच्या तर त्याहून लांब, आणि पॅनिअरची आतली लांबी त्याच्या आसपासच घुटमळते, त्यामुळे २ सेंटीमीटरने अडकलं की अडकलं. ट्रेकरच्या उभ्या सॅकमध्ये ५० सेंटीमीटरची काठी कडेला सरकवली की विषय संपला, म्हणून त्यांच्या लिखाणात हा मुद्दा येतच नाही. सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी ३० सेंटीमीटरच्या आसपास घडी होणाऱ्या काठ्यांचे टेंट मिळतात, ते बाईकवाल्यांनी आवर्जून बघावेत, वजन तेवढंच राहिलं तरी चालेल. नाहीतर काठ्या टेंटच्या पिशवीतून बाहेर काढायच्या आणि सीटवर आडव्या जाणाऱ्या रोल बॅगमध्ये टाकायच्या, कापड पॅनिअरमध्ये. टेंट ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत गेला पाहिजे असा काही नियम नाही.

आणि पिशवीवरून आठवलं. जवळपास सगळं सामान गोल गुंडाळीत येतं आणि आपली पेटी चौकोनी. चौकोनात बरोब्बर बसणारा गोल ठेवला तरी चार कोपरे मिळून २१-२२ टक्के जागा रिकामीच राहते, ही शाळेतली भूमिती आहे, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. म्हणून स्लीपिंग बॅग, टेंटचं कापड, जॅकेट असलं मऊ सामान आवळून गोल करण्यापेक्षा मोठ्या ढिल्या ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत, टाकून पेटीत दाबलं तर ते कोपऱ्यांत शिरतं. कॉम्प्रेशन सॅक, म्हणजे पट्टे ओढून सामान आवळायची पिशवी, सीटवर बांधायच्या सामानाला मस्त, पेटीत कधीकधी उलटी नडते, दगडासारखा गोळा होतो आणि आजूबाजूला नुसती हवा. (कॉम्प्रेशन सॅकने वजन कमी होत नाही हे सांगायला नको, पण मी लोकांना असं बोलताना ऐकलंय.)

स्लीपिंग बॅगमध्ये मात्र हलकं आणि छोटं खरोखर एकत्र येतात, डाऊनमध्ये. पिसांची बॅग तेवढ्याच उबेच्या सिंथेटिकपेक्षा वजनालाही कमी आणि दाबल्यावर आकारानेही लहान. अडचण एकच, भिजली की तिचा फुगवटा जातो आणि फुगवटा गेला की ऊब गेली. सिंथेटिक ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते आणि लवकर वाळते. बाईकवर पाऊस चारी बाजूंनी येतो, चाकाचा चिखल खालून, त्यामुळे डाऊन घ्यायची तर चांगल्या वॉटरप्रूफ बॅगेतच ठेवायची, तिथे कंजुषी नको. आणि घरी आल्यावर कुठलीही बॅग मोकळी ठेवा, महिनोन्‌महिने दाबून ठेवली तर फुगायचं विसरते.

याच्या बरोब्बर उलटं उदाहरण म्हणजे घडीची खुर्ची. ट्रेकरसमोर जवळपास किलोभराच्या खुर्चीचं नाव काढलं तर तो वेड्यात काढेल. पण ती घडी होऊन ३५ सेंटीमीटरच्या छोट्या पिशवीत बसते, आणि दिवसभर सीटवर आखडलेल्या कमरेला संध्याकाळी पाठ टेकायला मिळतं. मी घेतोच.

मग वजन बघायचंच नाही का? बघायचं, पण कुठे ठेवतोय त्यासाठी. जड पण छोटं सामान, म्हणजे टूल्स, पाणी, डबाबंद खाणं, हे पॅनिअरच्या तळाशी आणि जमेल तेवढं पुढे, दोन्ही बाजूंना सारखं. हलकं पण फुगलेलं सामान वर आणि मागे. बऱ्याच जणांचं नेमकं उलटं असतं, टूल्स टॉप बॉक्समध्ये, कारण उघडायला सोपा. तो बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर असतो, तिथलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं. म्हणून तर अनेक टॉप बॉक्सवर ५ किंवा १० किलोची मर्यादा छापलेली असते, झाकणाच्या आत स्टिकर असतो, कोणी वाचत नाही.

एकूण वजनाची मर्यादापण एकदा काढून बघा, मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं, त्यातून पेट्रोलसकट बाईकचं वजन वजा करा, जे उरेल त्यात तुम्ही, मागे बसणारा, हेल्मेट, कपडे, पॅनिअर आणि त्यांचे स्टँड सगळं आलं. अॅल्युमिनियमच्या पेट्या रिकाम्याच कितीतरी किलो खातात. लहान बाईक असेल, मागे कोणी बसणार असेल किंवा खडकाळ-वाळूच्या रस्त्याने जायचं असेल तर ट्रेकरचा ग्रॅमचा हिशोब तुम्हालाही लागू होतो, कारण पडलेली बाईक उचलताना प्रत्येक किलो जाणवतो. एकट्याने, मोठ्या बाईकवर, डांबरी रस्त्याने जाणार असाल तर आधी सेंटीमीटर बघा.

खरेदीआधी पेटीचं माप आतून घ्या, दोन्ही पेट्यांचं वेगवेगळं, सायलेन्सरच्या बाजूची पेटी बऱ्याचदा लहान असते किंवा तिला खाच असते. त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून ठेवलाय मी घरी, नवीन काही आणलं की आधी त्यात घालून बघतो, नाही बसलं तर टॅग न काढता परत.